पोटावर ओरखडा नाही

उमरठजवळच्या वरच्या वाडीतली रंगूबाई काविळीची माळ द्यायची. वेलीच्या कांड्या दोऱ्यात गुंफून माळ डोक्यावर ठेवायची. सुकेल तशी ती सैल होते, लांबते, गळ्यात उतरते, आणि बेंबीशी पोचली की कावीळ उतरली म्हणायची. अहो, पोलादपूरचे शिकलेसवरलेले मास्तरही तिच्यापुढं मान वाकवून बसायचे! गुण यायचा, कारण साधी कावीळ बहुतेकदा आपली आपण जाते. पण हे सांगणार कोण?

चौऱ्याऐंशी साली तीच पिवळी पडली. माळ बेंबीखाली आली तरी डोळे हळदीसारखेच, अंगभर खाज, बरगडीखाली जीवघेण्या कळा. लेक गणू मुंबईला गोदीत होता, त्यानं तिला मोठ्या इस्पितळात नेलं. पित्ताच्या नळीत खडे अडकले होते. डॉक्टरांनी पोट फाडलं नाही. तोंडातून दुर्बीण घातली, नळीचं तोंड आतूनच रुंद केलं आणि खडे काढले. आठवड्यात बाई घरी.

"माळेनं नाय गो, दुर्बिणीनं बरी झाले," ती ज्याला त्याला सांगत सुटली. बायकांनी तिचं पोट निरखून बघितलं. साधा ओरखडा नाही! "खडे काय तोंडातून निघतात? माळेचाच गुण!" म्हणून त्या हसल्या.

पुढच्या वर्षी तिचा पाठचा भाऊ जानू पिवळा पडला. तशाच कळा, तशीच खाज. रंगूबाईनं बघताच खडे ओळखले.

"जानू, आजच मुंबई गाठ. गणूला चिठ्ठी देते."

जानूची बायको तुळसा कडाडली. "वन्सं, सोताची उतरवलीत नि सख्ख्या भावाला नाय म्हणता?"

जानू नुसता तिच्याकडे बघत राहिला. ते बघणं तिला सोसवेना. "माळ घाल, पण उद्याची गाडी पकड," म्हणत तिनं माळ दिली. मेली इथंच चुकली. माळ डोक्यावर आल्यावर कसली गाडी न कसली मुंबई? जानू बसला माळ उतरायची वाट बघत. नवव्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढला. डोलीतून पोलादपूर, तिथून जीपनं महाड. महाड यायच्या आत तो गेला.

दहाव्याला तुळसा तिच्याच गळ्यात पडून रडली. "माळ छातीवर आलेली हो वन्सं. चार दिस कमी पडले."

सहा वर्षांनी गणूनं तिला पुन्हा तपासून आणलं. "नळी मोकळी आहे, आजी. नशीबवान आहात," डॉक्टर म्हणाले.

"पोट फाडायला हवं होतं तुमी," रंगूबाई म्हणाली. "दाखवायला वण असता, तर माझा भाऊ वाचला असता."