शहिदांची अंघोळ

काबूलच्या दक्षिणेला, लोगरकडच्या त्या गावात बाई मेली की बख्तावराला बोलावणं यायचं. चाळीस वर्षं तिने गावच्या बायकांना शेवटची अंघोळ घातली होती. कुणाच्या पाठीवर वळ होते, कुणाच्या पोटावर डाग, सगळं तिला ठाऊक. पण मढ्यावर दिसलेलं तिने कधी ओठांबाहेर काढलं नाही. गावात तिला मान होता तो त्यामुळेच.

त्या हिवाळ्यात परक्या फौजेने तिच्या भाच्याच्या, तोरयालच्या घरावर छापा घातला. त्याची बायको आणि बहीण मेल्या. त्याला डोळे बांधून हेलिकॉप्टरने नेलं. उजाडताच बख्तावरा ऊन पाणी घेऊन पोचली, तर मुल्लाजी दारातच उभे.

"पाणी परत ने. जुलमाने मारलेल्या या, शहीद आहेत. शहिदाला अंघोळ नाही, अंगावरच्या कपड्यांतच पुरायचं."

दोघींच्या जाड शाली मानेपासून गुडघ्यापर्यंत रक्ताने ताठ झाल्या होत्या. तिने त्या उलगडल्या नाहीत. दोन्ही चेहऱ्यांवरून हात फिरवला. रडताना तिला अभिमानही वाटत होता.

तिसऱ्या दिवशी रेडिओवर फौजेचं म्हणणं आलं: घरात बंदूकवाले लपले होते, गोळीबार त्यांच्याशी झाला, बायका त्याआधीच मेलेल्या होत्या, घरच्या पुरुषाने अब्रूपायी सुरीने कापलेल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

महिन्याने त्यांचा एक साहेब काबूलचा दुभाष्या घेऊन चौकशीला आला. कबरी उघडू म्हणाला. गावचे म्हातारे ताडकन उठले. आमच्या लेकीसुनांची अंगं परक्या पुरुषांनी बघायची? मग त्याने मढ्यांना अंघोळ घालणारीला बोलावलं.

"मावशी, कुराणावर हात ठेव," दुभाष्या म्हणाला. "जखमा गोळीच्या होत्या की सुरीच्या?"

"गोळीच्या. अख्ख्या गावाने ऐकल्या गोळ्या."

"ऐकल्या ते राहू दे. जखमा पाहिल्यास का?"

एक 'हो' म्हटलं की तोरयाल सुटणार होता. आईविना पोर, तिनेच वाढवलेलं. पण हात कुराणावर होता.

"शहिदाचे कपडे कुणी काढतं का रे बाबा?"

"पाहिल्यास की नाही?"

"नाही."

साहेबाने एक ओळ लिहिली आणि खाली तिचा अंगठा घेतला. ज्याच्या हाती ससा तो पारधी. इथे तर अंगठाही सशाचाच. तोरयालला वीस वर्षांची शिक्षा झाली, स्वतःच्या बायकोचा आणि बहिणीचा खुनी म्हणून. बख्तावराला त्या हाताने भाकरीचा घास घेणंही नकोसं झालं.

जर्दाळू फुलले तेव्हा पलीकडच्या वाडीत पुन्हा छापा पडला. आई आणि लेक मेल्या. फौजेचं म्हणणं अजून यायचं होतं. त्याआधी बख्तावरा पाण्याच्या किटल्या घेऊन पोचली.

मुल्लाजींनी वाट अडवली. "बख्तावरे, शहीद आहेत या. अल्लाला ठाऊक आहे."

"अल्लाला आहे हो ठाऊक. साहेबाला कुठे आहे?"

तिने चार बायका साक्षीला घेतल्या, पडदा ओढला आणि शाळेच्या मास्तरांना बाहेर कागद घेऊन बसवलं. मग चाळीस वर्षं मिटलेलं तोंड तिने उघडलं, अंगणभर ऐकू जाईल असं.

"लिहा, मास्तर. लेक, वय सोळा. डाव्या छातीखाली गोळी, पाठीतून बाहेर."

पोरीचा बाप कानांवर हात ठेवून भिंतीकडे वळला. बख्तावराने मढं कुशीवर केलं आणि पुढची जखम सांगितली.