वासूमामाची किल्ली

जोयडा तालुक्यातील समस्त कंबरदुखी, गुडघेदुखी आणि दाढदुखीवाल्यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की वासूमामाचं औषधाचं दुकान कायमचं बंद झालं आहे. यापुढे गोळी मागताच नाकासमोर तळहात येणार नाही, ‘चिठ्ठी?’ असा आवाजही येणार नाही.

त्या काउंटरवर मी एकदा पाठदुखीचा असा प्रवेश रंगवला, की मागे उभ्या दोघी बायका डोळे पुसायला लागल्या. मामानं शेवटपर्यंत पाहिलं. म्हणाला, “बेस केलास. आता डॉक्टरम्होरं कर आन् चिठ्ठी घिऊन ये.”

पूर्वी तो असा नव्हता. जीपवाला मंजू खड्ड्यांनी कंबर मोडली म्हणून यायचा. नियम तेव्हाही होता, पण मामा अफूच्या जातीच्या त्या गोळ्या त्याला तशाच द्यायचा. “पोरगं राबतंय, घिऊ दे.” दोनाच्या चार झाल्या, चाराची पट्टी झाली. एका सकाळी मंजू उठलाच नाही.

पुढे सरकारनं त्या गोळ्यांचा कायदा कडक केला. बाकीचे दुकानदार कुरकुरले. मामानं कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. “ह्यो आदी याया पायजे हुता,” एवढंच बोलला. मंजूची आई शांतव्वा समोरच राहायची. तिनं मामाशी बोलणं टाकलं होतं.

मग मामाच्याच हाडांत कॅन्सर शिरला. बेळगावच्या डॉक्टरांनी नेमक्या त्याच गोळ्या लिहून दिल्या. चिठ्ठीवरच्या संपल्या त्या दिवशी रस्त्यावर झाड आडवं पडलं आणि बस बंद. मामा दुकानामागच्या खोलीत घामानं भिजून पडलेला. कपाट हातभर अंतरावर.

मामी रडत होती. “आवो, दुकान तुमचं, दुखणं तुमचं! कुणाला इचारायचं हाय?”

मी किल्लीकडे हात नेला. त्यानं ती मुठीत आवळली.

“चिठ्ठी?”

“मामा, उद्या आणतो. देवाशपथ. आज खरंच दुखतंय ना तुला?”

“मंजूला बी खरंच दुखत हुतं,” तो म्हणाला.

मी हात मागे घेतला. मूठ अखेर सुटली, ती पेजेचं भांडं घेऊन इतक्या वर्षांनी उंबऱ्यात येऊन थबकलेल्या शांतव्वाच्या ओरडण्यानं:

“माझ्या ल्योकाला दिलीस की रं बिनचिठ्ठीची! आता तू बी घे की, मुडद्या, किती सोसतोस!”