तिघांचा दगड

मुंबई-पुणे रस्ता सोडून आमच्या गावात वळलं की चावडीसमोर एक दगडी चौथरा लागायचा. कमरेएवढा, काळ्या दगडाचा, आणि त्यावर बसवलेली एक संगमरवरी पाटी. पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं, की पहिल्या महायुद्धावर या गावातून अमुक इतकी माणसं गेली आणि त्यांपैकी तिघांनी आपले प्राण अर्पण केले. नावं नव्हती. सरकारला आकड्याशी काम होतं.

‘आमचं गाव’ म्हणतो खरा, पण मी तिथला नव्हे. कंपनीच्या टाइम ऑफिसात नोकरी लागली म्हणून आलो आणि खोली घेऊन राहिलो. माझ्यासारखे सातारा, बीड, रत्नागिरीकडून आलेले पुष्कळ होते. आम्हा बाहेरच्यांना तो चौथरा सायकल टेकवायला बरा पडे. निवडणुकीत त्यावर दोन्ही पक्षांची पोस्टरं एकावर एक चिकटत आणि नंतर शेळ्या ती निःपक्षपातीपणे खात.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आमच्या मित्रमंडळाच्या अध्यक्षांनी ती पाटी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि त्यांचा स्वाभिमान जागा झाला. अध्यक्ष कंपन्यांतलं भंगार उचलण्याचा ठेका घेत. माणूस दिलदार होता, अडल्यानडल्याला धावून जायचा. फक्त हार दिसला की त्यांची मान आपोआप पुढे व्हायची. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी आपल्या चौकात गुलामगिरीची खूण उभी कशी, असं त्यांनी बैठकीत विचारलं. ठरलं असं की दगड काढायचा आणि त्या जागी कारंजं बांधायचं. गावात नळाला पाणी तासभर येई. कारंज्याला कुठून येणार, हा प्रश्न मी विचारला तेव्हा मला भाषण लिहायचं काम देण्यात आलं.

भाषण मी लिहिलं, आणि मनापासून लिहिलं. ‘प्राण अर्पण केले’ हे शब्द मला खटकत होते. ज्यांना लढाई कुठे आहे आणि कशासाठी आहे हेही कुणी सांगितलं नसेल, त्यांनी अर्पण काय केलं असणार? अध्यक्षांचं बोलणं भपकेबाज असेल, पण चुकीचं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. आजही पूर्ण वाटत नाही.

कार्यक्रम गुरुवारी ठरला. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. आम्ही सगळे कंपनीच्या कॅलेंडरवर जगायचो. त्यात गुरुवार तांबडे असत. तिथी नसत. त्यामुळे तो गुरुवार म्हणजे सर्वपित्री अमावास्या आहे हे मंडळातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. ज्यांच्या आलं असतं ती गावची जुनी माणसं, आणि त्यांना आम्ही विचारलंच नव्हतं.

सकाळी दहाच्या सुमारास आमचे फिटर तिपाई, चेनपुली आणि पहारी घेऊन हजर झाले. गुरुवारी वीज नसे, म्हणून कर्णा ट्रकच्या बॅटरीवर लावला होता. अध्यक्षांनी गळ्यात हार घालून घेतला आणि माझं भाषण सुरू केलं. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचले असतील, तेवढ्यात मावशी आली.

मावशी म्हणजे आमची खानावळवाली. सत्तरी ओलांडलेली, ताठ. मंडळातली निम्मी माणसं तिच्या भाकरीवर पोसलेली. ती एकटीच असते एवढं आम्हाला माहीत होतं. त्यापलीकडे विचारण्याची गरज, भाजी चांगली असल्यामुळे, कुणाला पडली नव्हती. तिच्या हातात पत्रावळ होती. भात, खीर, वडे, अळूची भाजी, भोपळा, सगळं रीतसर वाढलेलं. तिच्यामागून कोपऱ्यावरचे सायकलवाले चाचा झाडू घेऊन आले. त्यांनी चौथऱ्याला टेकलेल्या सायकली बाजूला केल्या आणि जागा झाडायला लागले. दरवर्षी हे असंच होत असणार. आम्ही त्या वेळी शिफ्टला असायचो.

“सरका जरा,” मावशी फिटरांना म्हणाली. “पान ठिवायचंय.”

अध्यक्षांनी कर्णा बाजूला केला. “मावशी, आज इथं कार्यक्रम आहे.”

“व्हय की. माझाबी हाय.”

“अहो, हा इंग्रजांचा दगड आहे.”

“दगड विंग्रजाचा आसंल,” ती पान मांडत म्हणाली. “त्या तिघातला एक माझा हाय.”

नंतर चाचांनी जे हळू आवाजात सांगितलं ते असं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मावशीचा नवरा भरती होऊन गेला. चाचांचे चुलतेही त्याच बोटीने गेले, इराकात बसऱ्याकडे, खेचरांच्या तांड्याबरोबर. दोघंही परत आले नाहीत. ना प्रेत आलं, ना कबर कुठे ते कळलं. मग सरकारने हा दगड बसवला. मावशीला वाचता येत नव्हतं, पण तीनचा आकडा कुठे आहे हे कुणीतरी तिला दाखवून ठेवलं होतं. इतकी वर्षं ती त्या आकड्यासमोर पान ठेवत होती. शबे-बरातीला, म्हणजे त्यांच्याकडच्या गेलेल्यांच्या रात्री, चाचा त्याच आकड्यासमोर उदबत्ती लावत.

पान ठेवलं म्हणजे कावळ्याची वाट बघणं आलं. कावळा शिवेपर्यंत पहार उचलायची छाती एकाही फिटरची नव्हती. पहारी आडव्या ठेवून ते खाली बसले. कावळे होते, तारेवर ओळीने होते. पण त्या दिवशी गावातल्या प्रत्येक कौलावर घास होता, आणि माझ्या मते ते तुडुंब जेवलेले होते. हे मत मी बोलून दाखवलं नाही.

उन्हं चढली. अध्यक्षांच्या हारातली शेवंती मान टाकू लागली. मग अशा वेळी लोक करतात तेच सुरू झालं. गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि शब्द द्यायचा. साताऱ्याकडचा हेडफिटर उठला, हात जोडून दगडाला म्हणाला, “काका, मावशीची काळजी करू नका. आम्ही आहोत.” कावळा हलला नाही. दुसऱ्याने मावशीच्या खोलीचे पत्रे बदलून देण्याचं कबूल केलं. तिसऱ्याने खानावळीला लाकूडफाटा. कावळ्याने चोच तारेला घासली.

मावशी खाली बघून म्हणाली, “त्येला पत्रं काय करायचेत?”

चाचा अध्यक्षांकडे वळले. “राव, कावळं तुमच्याकडं बघतंय.”

अध्यक्षांनी गर्दीकडे पाहिलं, कारंज्याच्या नकाशाकडे पाहिलं. मग टोपी काढली. त्यांना टोपीशिवाय मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. दगडासमोर जाऊन ते कर्ण्याविना, कसनुशा आवाजात म्हणाले, “नाही हलवत. तुम्ही घास घ्या.”

कावळा उडाला आणि रेल्वेच्या बाजूला निघून गेला.

मग मावशीने पत्रावळ उचलली. “ऱ्हाऊ द्या. गाईला घालते. शबुद आयकलाय त्यानं.”

कावळा शिवला नाही, तेव्हा शब्द पाळणं बंधनकारक नाही, असा मुद्दा मंडळात एकाने काढून पाहिला. अध्यक्षांनीच त्याला गप्प केलं. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द ठेक्यासारखा मागे घेता येत नाही, म्हणाले. मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. पण माझं मन ‘अर्पण’वर अडूनच होतं. दगड राहायचा तर राहू दे, पण खाली मराठीत तिघांची नावं घालू, असं मी सुचवलं, आणि ते सर्वांना पटलं. तिसऱ्याचा पुतण्या गावातच होता, त्याने नाव सांगितलं. चाचांनी आपल्या चुलत्यांचं सांगितलं. मावशीचा नवरा राहिला. चाचा आणि तो पुतण्या दोघेही त्यानंतर जन्मलेले, सासरची माणसं सगळी गेलेली. नाव ठाऊक असलेली एकटी मावशी, आणि ती नवऱ्याचं नाव घेणार नव्हती. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच.

संध्याकाळी गिऱ्हाईक उठल्यावर मी खानावळीत तिच्यासमोर बसलो. “मी नावं घेतो,” म्हटलं. “बरोबर आलं की सांगा.” देवांपासून सुरुवात केली. राम, विष्णू, महादेव, मारुती, त्यांची सगळी रूपं. मग वार, मग नद्या-डोंगर. ती तव्यावरची भाकरी उलटत होती, नकारार्थी मान हलवत होती. मधे एकदा हसलीही. ते नाव बहुधा सासऱ्याचं होतं. माझ्याजवळचे देव संपत आले. मग मला माझ्या आजोळच्या एका गड्याचं नाव आठवलं, जुन्या वळणाचं, हल्ली कुणी ठेवत नाही असं. ते घेतलं.

मावशीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि चुलीकडे तोंड केलं. भाकरी करपायला लागली तरी ती वळली नाही. मी तवा खाली उतरवला, आणि ती म्हणाली, “आता नीट लिवा.”