चाळीसचं इंजिन

तेकाईने होडीची मागची, इंजिन टांगायची फळी स्वतः बसवली होती, पंधरा घोड्यांच्या इंजिनाच्या मापाने. तेव्हा कुप्पा मासा प्रवाळाच्या रांगेबाहेर पडलं की मिळायचा. आता तो इतका लांब सरकलाय की पंधराचं इंजिन पोचेपर्यंत थवा पुढे गेलेला असतो. तेकाई आमिष तसंच घेऊन परत येतो.

परदेशी जहाजावर खलाशी असलेल्या मुलाने चाळीसचं इंजिन पाठवलं. ते धक्क्यावर उतरलं तेव्हा अर्धं नोनौती बेट बघायला जमलं होतं. तेकाईने खोकं उचकटलं, आत डोकावून पाहिलं आणि झाकण परत ठोकलं.

"लावणार ना?" बायकोने, तेरेतियाने, घरी विचारलं.

"बघू."

"त्या फळीवर चाळीसचं, म्हणजे म्हाताऱ्याच्या खांद्यावर डुक्कर!"

"आणि पंधरावरच राहिलो तर खायचं काय? खोबरं?"

"मग आत्ता काय खातोय?"

तेकाईने विचार केला : पुढच्या जहाजाने जाड प्लायवूड येईल, नवी फळी होईल, मग चाळीसचं. तोवर पंधरा आहेच. विचार शहाणपणाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तेरेतियाचा भाऊ कायेआ आला आणि चटईवर मांडी घालून बसला. त्याची ती बैठक पाहूनच तेकाईने ओळखलं.

"दाजी, पंधराचं मागायला आलोय."

आमच्याकडे याला बुबुती म्हणतात. नात्यातल्या माणसाने अशी मागणी केली की द्यायचं. नाही म्हणणाऱ्याची गोष्ट गावाच्या सभागृहात त्याची नातवंडंही ऐकतात.

"चाळीसचं लावायचं की नाही, अजून ठरलेलं नाही माझं."

"सावकाश ठरवा की. इंजिनं दोन झालीत, तेवढं तर ठरलंय ना?"

तेरेतिया चुलीकडे तोंड करून बसली होती. भाऊ तिचाच. कायेआ इंजिन खांद्यावर टाकून गेला. मागणाऱ्याकडे उलट मागायची मुभा असते. पण दिलेली वस्तूच परत मागत नाहीत.

जहाज आलं, प्लायवूड आलं नाही. त्याच्या पुढचंही तसंच. शेवटी तेकाईने जुन्या फळीला नीरफणसाच्या लाकडाचं अस्तर ठोकलं आणि चाळीसचं चढवलं.

"जपून," तेरेतिया म्हणाली.

प्रवाळातल्या वाटेतून तो हळू बाहेर पडला. लांबवर पक्षी पाण्यावर तुटून पडत होते. खाली कुप्पाच असणार. तेकाईने वेग वाढवला. माशांचा थवा खरंच जवळ येत होता. मग मागे कडाडलं. फळी बुडापासून फाटली. इंजिन बुडू नये म्हणून त्याने ते दोरीने आत ओढलं. त्याच्या वजनाने होडीत आणखी पाणी आलं. पाणी उपसत, वल्हं मारत तो संध्याकाळी भरतीबरोबर किनाऱ्याला लागला. होडी पुन्हा पाण्यात जाण्यासारखी राहिली नव्हती.

कायेआ पंधरावर जातो. थवा त्यालाही मिळत नाही. जाळ्यात आले तर प्रवाळातले चार बारीक मासे बहिणीकडे पाठवतो.

चाळीसचं घरात चटईने झाकून ठेवलंय. ते पेलेल अशी होडी बेटावर नाही, आणि त्याला लागेल एवढं पेट्रोलही नाही.

"अहो, कोणी मागायला आलं तर देऊन टाका," तेरेतिया म्हणते.

"आलं तर ना," तेकाई म्हणतो.