पोंक्षे काकूंचं एकच खोटं

पोंक्षे काकू आमच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या हातात रिकामी वाटी घेऊन. "मी पोंक्षे. तुमच्या खालच्या मजल्यावर राहायला आलेय. नवरा वारला नाही, सोडून गेला. लोक विचारू की नको करत बसतात, म्हणून आधीच सांगते. साखर आहे का?" आई वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी तेव्हा शाळेत होते. दारात उभं राहून कुणी असं बोलू शकतं, हे मला माहीतच नव्हतं.

फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत मराठी घरं मोजकीच, आणि बहुतेक केंद्र सरकारच्या नोकरीतली. अशा ठिकाणी बातमी फिरायला वेळ लागत नाही, म्हणून जो तो आपली झाकून ठेवतो. काकूंचं सगळं उलटं. मुलाची नोकरी गेली तेव्हा त्यांनी ते आधी मराठी मंडळात सांगितलं आणि मग भाजीवाल्याला. "भैया, लड़के की नौकरी चली गई है, दिनभर घर बैठके खाता है. धनिया ठीक से डालो." मूळव्याधीच्या ऑपरेशनची साद्यंत हकिकत त्यांनी गणपतीत मोदक वळता वळता ऐकवली होती. "आपलं आपण सांगून मोकळं व्हावं," त्या म्हणायच्या, "म्हणजे लोकांना कुजबुजायला काही उरत नाही." बायका हसायच्या, पण काकू म्हणाल्या म्हणजे ते तसंच असणार, याबद्दल कुणाला शंका नसे. माझी आई मात्र त्यांच्यापासून चार हात लांब राहायची.

मी पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीत लायपझिगला निघाले, तेव्हा मंडळाने गणपतीत माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि बाबांचं न संपणारं भाषण. सप्टेंबरच्या शेवटी मी गेले आणि आठवड्याभरात परत आले.

तिथे काय झालं, असं लोक अजून विचारतात. काहीच झालं नाही, हीच तर अडचण आहे. कुणी वाईट वागलं नाही. खोली स्वच्छ होती, खिडकीतून ट्रामचा थांबा दिसायचा. पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, सगळी दुकानं बंद, तेव्हा विमानातली बिस्किटं खाऊन दिवस काढला. सोमवारी बेकरीत पाव मागायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना, कारण तोवर मी कुणाशी बोललेच नव्हते. नव्या विद्यार्थ्यांच्या ओळखीच्या कार्यक्रमात माझी पाळी येताना दिसली तशी मी उठून बाथरूममध्ये जाऊन बसले, ती सगळे गेल्यावर बाहेर आले. मग रोज तेच. वर्गाच्या दारापर्यंत जायचं आणि छाती धडधडायला लागली की मागे फिरायचं. एखादा आजार, एखादा अपमान, सांगण्यासारखं काहीतरी हाताशी असतं तर बरं झालं असतं. ट्राममधून शाळेत जाणारी एवढीएवढीशी पोरं दिसायची आणि मला माझीच शरम वाटायची.

आई-बाबा रागावले नाहीत. आईने दार लावलं आणि एवढंच म्हणाली, "थोडे दिवस कुणाला दिसू नकोस." मग आमच्या घरात एक नाटक सुरू झालं. पुण्याच्या मावशीचा व्हिडिओ कॉल आला की मला कोऱ्या भिंतीपुढे बसवायचं. अंगात स्वेटर, आणि आवाज यायला नको म्हणून पंखा बंद. इथे संध्याकाळ झालेली असली तरी मी आत्ताच दुपारचं जेवले म्हणून सांगायचं. एकदा खालून भाजीच्या गाडीचा भोंगा ओरडला, "आलू ले लो, प्याज ले लो," तेव्हा मावशी म्हणाली, तिकडे आपली माणसं बरीच दिसतात. आईने घाईघाईने फोन बंद केला. तिला खोटं बोलायची सवय नव्हती, बोलताना तिची जीभ अडखळायची, आणि ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

काकूंना माझ्या पावलांवरून कळलं. आई-बाबा ऑफिसात गेले होते. बेल वाजली, मी श्वास रोखून उभी राहिले. बाहेरून आवाज आला, "दिवसभर माझ्या डोक्यावर कुणीतरी फेऱ्या मारतंय. चोर असशील तर पोळीभाजी खाऊन जा, आणि घरची असशील तरी खाऊन घे."

मी दार उघडलं. त्यांनी मला पाहिलं, डबा टेबलावर ठेवला आणि ताटं शोधायला लागल्या. जेवण होईपर्यंत एक शब्द विचारला नाही. आता सगळ्या सोसायटीला कळणार म्हणून मी रडायला लागले, तेव्हा म्हणाल्या, "माझं असतं तर एव्हाना वॉचमनलासुद्धा कळलं असतं. पण हे तुझं आहे. ते मी कशी सांगू?"

त्यानंतर त्या रोज दुपारी यायच्या. मुलाच्या, नवऱ्याच्या गोष्टी सांगायच्या, माझं काही विचारायच्या नाहीत. नवरात्रात मंडळाचा भोंडला होता आणि खिरापत काकूंची होती. डबा जड आहे, गुडघा दुखतोय, खाली हॉलपर्यंत घेऊन येतेस का, असं त्यांनी विचारलं. गुडघ्याचं निमित्त आहे हे मला कळत होतं. आईला ऑफिसातून यायला उशीर होता. मी केस विंचरले आणि निघाले.

हॉलमध्ये पाटावर हत्ती काढला होता, पहिली गाणी होऊन गेली होती. आणि आई ऑफिसातून लवकर सुटून परस्पर तिथेच आली होती. मंडळातल्या साने आंटी तिला माझ्याबद्दल विचारत होत्या, आणि आई सांगत होती की तिकडे थंडी पडायला लागली, ऋचाने नवा कोट घेतला. तेवढ्यात सगळ्यांनी मला पाहिलं.

"अरे वा, इतक्यात छुट्टी लागली?" साने आंटींनी विचारलं. आई पटकन हो म्हणाली. मी काकूंकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या.

"सुट्टी नाही," मी म्हणाले. "मला तिथे राहता आलं नाही. मी केव्हाच परत आलेय."

बोलले आणि मगच लक्षात आलं की मी आईला भर हॉलमध्ये खोटं पाडलं होतं. साने आंटी म्हणाल्या, "पण वासंती, तू तर आत्ताच..." आई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"तिला मी सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "म्हटलं, पोर सावरू दे, तोवर कुणापाशी बोलू नकोस. वासंती बिचारी नाहीच म्हणत होती."

"तुम्ही? लपवायला सांगितलंत?" कुणीतरी हसलं. "म्हणजे आम्हाला सांगायचं मोकळं व्हा, आणि आतून हे?"

काकूंकडे एरवी प्रत्येकाला उत्तर असे. त्या दिवशी मात्र त्यांचे कान लाल झाले, त्यांनी मान खाली घातली आणि डब्याचं झाकण काढलं. आत काय आहे ते ओळखायचा खेळ कुणी खेळलंच नाही.

मी त्या दिवशी सुटले. काही महिन्यांनी गुरुग्रामला नोकरी लागली, ऑफिसात मी माझी हकिकत हसत सांगूही लागले. पण काकूंनी काही सांगितलं की बायका आता एकमेकींकडे बघायच्या. आई त्यांच्याकडे कधी गेली नाही. काही गोडधोड केलं की माझ्या हाती पाठवायची. काकू रिकामा डबा परत देताना म्हणायच्या, "येईल गं ती. घाई कसली?"

गेल्या थंडीत काकू झोपेतच गेल्या. शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. लोक त्यांच्या गोष्टी सांगून हसले, रडले. साने आंटी म्हणाल्या, अगदी सहज, की काकूंनी आयुष्यात एकदाच आम्हाला अंधारात ठेवलं.

आई उठून उभी राहिली. "ते त्यांनी ठेवलं नव्हतं," ती म्हणाली. "मी लपवलं होतं. त्यांनी मला काहीसुद्धा सांगितलं नव्हतं. मला माझ्या मुलीची लाज वाटत होती."

हे मला ठाऊक होतं. तरी मोठ्याने ऐकल्यावर तोंड कुठे लपवावं ते कळेना. आई बसली आणि सभा संपेपर्यंत समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिली.

घरी येताना काकूंच्या मजल्यावर ती थांबली. दाराला कुलूप होतं.

"इथे येऊन सांगायचं होतं," ती म्हणाली. "एक जिना तर उतरायचा होता."