कानबाईच्या रविवारी जळगाव ते धुळे: नानांची गाडी आणि माझं डोकं

खरं तर नाना एसटीनेच जाणार होते. मीच त्यांना गाडीवर बसवलं, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की बिचाऱ्या जावयावर सासऱ्याने जबाबदारी टाकली. तसं काहीही नव्हतं.

नाना म्हणजे माझे सासरे. यावलच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. नोकरीमुळे यावलला घर केलं, पण मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे घरात सगळे अहिराणी बोलतात. थोरले भाऊ आबा धुळ्यात राहतात आणि कानबाई त्यांच्याच घरी बसते. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते. संध्याकाळी रोटांचा, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्यांचा, नैवेद्य दाखवतात आणि मग सगळी भावकी एका पंगतीत बसून ते रोट खाते. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. लेकीला नाही, जावयालाही नाही. गेली दोन वर्षं गुडघ्यांमुळे नाना गेले नव्हते आणि आबांची तब्येत आता भरवशाची राहिलेली नाही. त्यामुळे यंदा दोघा भावांनी शेजारी बसून रोट खायचे, एवढ्यासाठी नाना आदल्या दिवशीच आमच्याकडे जळगावात पिंप्राळ्याला येऊन राहिले होते.

आणि मी, म्हणजे सुट्टी मिळाली की गाडी काढून फिरणारा आणि इथे येऊन तुम्हाला शहाणपण शिकवणारा माणूस, म्हणालो, "नाना, एसटीत कशाला हाल करून घेता? तुमचीच गाडी आहे, तुम्हालाच फिरवून आणतो."

गाडी खरंच त्यांची. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी ती मला देऊन टाकली. जुनी आहे, कार्ब्युरेटरची, पण टाकीवर एक ओरखडा नाही. दर रविवारी ती पुसणं हा त्यांचा नेम होता. माझी बायको वैशाली म्हणते, आमच्या लग्नात नाना रडले नाहीत, गाडी दिली त्या दिवशी रडले.

नाना "बरं" म्हणाले. जावयाला नाही कसं म्हणणार?

जेवून निघालो. हायवेने एरंडोल-पारोळा करत धुळ्याला लवकर पोचता येतं, पण ट्रक अंगावर येतात, म्हणून मी पाळधीवरून धरणगाव, अमळनेर असा रस्ता धरला. तुम्ही जाणार असाल तर हाच धरा, विशेषतः श्रावणात. दोन्हीकडे कपाशी, मधूनच ज्वारी, आणि रिमझिम थांबली की मातीचा असा वास येतो की हेल्मेटची काच वर करावीशी वाटते. रस्ता बहुतेक चांगला आहे, फक्त गावांच्या तोंडाशी खड्डे आहेत, तिथे पाणी साचलं की खोली कळत नाही. टाकी जळगावातच भरून घ्या. मी घेतली होती.

धरणगावच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

मला खरं सांगायचं तर आनंदच झाला. डिकीत हत्यारं होती, वर्षभर व्हिडिओ बघून साठवलेलं ज्ञान होतं, आणि समोर सासरा. मी प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, फुंकर मारली. तोवर नानांनी चावी घेऊन टाकीचं झाकण उघडलं, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "पेट्रोल तं भरपूर शे." झाकण लावलं. मी किक मारली, गाडी चालू. "प्लग होता नाना," मी म्हणालो. पुढे किती तरी वेळ त्यांना प्लगवर व्याख्यान देत होतो. मागून "हां, हां" येत होतं.

पण थोड्या वेळाने पुन्हा तेच. आता पाऊस भुरभुरत होता. नाना चावीकडे हात नेत म्हणाले, "झाकन उघडी दखूत का?"

"नको हो, पाणी जाईल आत."

मी पेट्रोलचा कॉक फिरवला, वायरी हलवून बघितल्या, बरीच झटापट केल्यावर गाडी सुरू झाली. कशामुळे, देव जाणे. मी मात्र म्हणालो, "वायर ढिली होती."

अमळनेरला बसस्टँडजवळ चहाला थांबलो. गरम भजी चांगली मिळाली, तळलेली मिरची मागून घ्या. चहा पिऊन निघायला गेलो तर थोडं चालून गाडी पुन्हा मेली. रविवार, गॅरेजं बंद. ढकलत टपरीपाशी आणली, फूटपाथवर पोतं टाकून मी कार्ब्युरेटरचं पेट्रोल सोडायला बसलो. गाडी बिघडली की आपल्याकडे माणसं गोळा व्हायला वेळ लागत नाही. चार-पाच जण वाकून बघायला लागले. एकाने विचारलं, "काय झालं भाऊ?"

इतका वेळ हात काळे करून काही सापडेना, त्यात लोक बघतायत. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, आणि चांगलं मोठ्याने म्हणालो, "काय होणार? मला देण्याआधी यांनी वर्षभर गाडी उभी करून ठेवली. वरून पुसून चकचकीत, आतून टाकी गंजून गेली असणार. पुसल्याने गाडी चालते होय?"

लोकांनी नानांकडे बघितलं. ते टाकीशी उभे होते. त्यांचा अंगठा झाकणावर फिरत होता. मग हळूच त्यांनी विचारलं, "हाई काय लावेल शे?"

चावीच्या भोकाशेजारी मी पुट्टी लावली होती. प्लंबर नळाला लावतात ती, मळून लावायची. "ते होय? तिथं एक बारीक छिद्र होतं. पावसाचं पाणी टाकीत जाईल म्हणून मीच बुजवलं, परवा."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग भोवतीच्या माणसांकडे बघितलं. "बरं," म्हणाले.

एवढंच.

तेवढ्यात धुळ्याची एसटी लागली. नाना म्हणाले, "मी हाई यष्टीनं म्होरे जास. तुम्ही या मांगून निवांत." त्या वेळी मी "जा" म्हणालो असतो तर ते वेळेत पोचले असते. पण चार लोकांसमोर सासरा आपल्याला सोडून एसटीत बसला, हे कसं दिसेल? मी म्हणालो, "आता काय राहिलंय धुळं? बसा तुम्ही." एवढ्या वेळात गाडी किकला सुरू झाली होती. ते बसले.

धुळ्यापर्यंत गाडी किती वेळा बंद पडली ते सांगत नाही, मला पुन्हा आठवायचं नाहीये. अमळनेरच्या पुढे पहिल्यांदा थांबलो तेव्हा नानांनी न विचारता चावी काढून झाकणात घातली. मी त्यांच्या हातातून चावी घेतली. हिसकावली म्हणा. "नाना, सारखा हात लावू नका हो त्याला. तुमच्यामुळेच पाणी जाईल आत."

त्यानंतर त्यांनी हात लावला नाही. गाडी थांबली की ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहायचे, पिशवी छातीशी धरून. मी खाटखुट करायचो, वाट बघायचो, गाडी कधीतरी सुरू व्हायची. अंधारून येत होतं आणि ते एकदाही "उशीर झाला" म्हणाले नाहीत.

आबांच्या घरी पोचलो तेव्हा आरती होऊन पंगत उठली होती. बायका कानबाईपुढे गाणी म्हणत होत्या. आबा भिंतीला टेकून बसले होते, त्यांना गोळ्या घ्यायच्या असतात म्हणून फार वेळ थांबवता आलं नाही, असं नानांच्या वहिनी पुन्हा पुन्हा सांगत होत्या. नानांचं ताट झाकून ठेवलं होतं. नानांनी कानबाईला हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मनीच गाडी खराब शे. जावईबापूंना फार तरास व्हयना."

मग भिंतीकडे तोंड करून एकटेच रोट खायला बसले. मी शेजारच्या खोलीत शेवभाजी खात होतो. झणझणीत होती, तोंडाला चव लागली नाही असं म्हणायला आवडलं असतं, पण मी दोनदा मागून घेतली. तेव्हा मला लाज वाटली नव्हती. तेव्हा मला वाटत होतं की चूक त्यांचीच आहे आणि त्यांनी ती मोठ्या मनाने कबूल केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांझरा नदीवर विसर्जन झालं. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायका, पुढे वाजंत्री, फुगड्या, सगळी गल्ली रस्त्यावर. एकदा तरी बघायला या. राहायची सोय धुळ्यात स्टँडच्या आसपास होते. रोट पुनवेआधी संपवायचे असतात, ते संपेपर्यंत नाना तिथेच थांबणार होते. मी हायवेने एकटा निघालो.

फागणे गावाजवळ गाडी बंद पडली. ऊन होतं. पाणी जाण्याची भीती नाही, आणि ज्याच्यावर ओरडावं असं मागे कोणी नाही, म्हणून मी झाकण उघडलं. सुस्स करून हवा आत ओढली गेली. चांगली लांब. मी झाकण लावलं, किक मारली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

मी तिथेच बसलो, मैलाच्या दगडावर. नवीन फिरणाऱ्यांसाठी सांगतो: पेट्रोल खाली उतरत जातं तशी टाकीत वरून हवा यावी लागते. ती यायची वाट म्हणजे ते बारीक छिद्र. ते बंद केलं की थोडं चालून पेट्रोल अडतं. झाकण उघडलं की पुन्हा वाहतं. टाकी गंजलेली नव्हती, प्लग चांगला होता, वायर घट्ट होती. गाडी मी बंद पाडत होतो. आणि नानांना हे अमळनेरलाच कळलं होतं. कळूनही चार माणसांत त्यांनी मला तोंडघशी पाडलं नाही. नंतर गुपचूप झाकण उघडून गाडी चालती ठेवायला गेले, तर मी त्यांच्या हातातून चावी ओढली. त्या हाताचा स्पर्श मला आत्ताही आठवतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

चावीच्या टोकाने पुट्टी खरवडून काढली आणि गाडी धुळ्याकडे वळवली.

जेवणं चालू होती. मी दारातच उभा राहून सगळ्यांसमोर बोललो. पुट्टी मी लावली, नानांनी ओळखली होती, उशीर माझ्यामुळे झाला, नानांची गाडी एकदम चांगली आहे. बोलून झालं तेव्हा मला हलकं वाटलं, तेही लपवत नाही.

एक चुलत मेहुणा तोंड फिरवून हसला. आबांनी घास ताटात ठेवला आणि नानांना विचारलं, "मंग तू कानबाईना म्होरे खोटं बोलना?"

"बोलनू," नाना म्हणाले. हात धुवायला उठले.

मी मागे अंगणात गेलो. नाना माझ्याशी कायम अहिराणीत बोलतात. त्या दिवशी मात्र शाळेतल्यासारखं शुद्ध बोलले. "तुम्हाला मोकळं व्हायचं होतं, झालात. मला सांगायचं असतं तर मी अमळनेरलाच सांगितलं असतं. काल फक्त माझी गाडी खराब होती. आज मी भावासमोर खोटारडा झालो आणि माझ्या मुलीचा नवरा सगळ्यांच्या हसण्याचा विषय. एवढंच तर मी झाकून ठेवलं होतं."

"नाना, चुकलं माझं."

"हळू जा," ते म्हणाले आणि आत गेले.

धुळे ते जळगाव गाडी एकदाही बंद पडली नाही. पारोळ्याला चहा घ्यायला म्हणूनही मी थांबलो नाही. सगळा रस्ता ती इतकी सुरेख चालली की मला वाटत होतं, एकदा तरी आचका दे बाई.

वैशालीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ भांडी लावत राहिली. मग म्हणाली, "नानांना एकट्याला बाजूला घेऊन सांगायचं होतंस." हे मला का सुचलं नाही, याचं उत्तर मी अजून शोधतोय. चूक केली तेव्हाही मी लोकांच्या नजरेत कसा दिसतो हेच बघत होतो आणि कबूल केली तेव्हाही तेच, असं दिसतंय.

पुनवेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वैशालीचा फोन वाजला. नाना होते. यावलला घरी पोचल्याचं सांगत होते. तब्येत बरी आहे, आबा बरे आहेत, रोट संपले. तिने माझ्याकडे बघत विचारलं, "यांच्याशी बोलता का?" तर म्हणाले, थकलोय, झोपतो.

धुळ्याहून यावलला जायचं तर जळगावच्या स्टँडवर गाडी बदलावी लागते. ते तिथे उतरले असतील, बाकावर बसून पुढच्या गाडीची वाट बघितली असेल. आजवर असं जाताना ते आमच्याकडे आले नाहीत असं कधी झालं नव्हतं. स्टँडवरून पिंप्राळ्याला रिक्षाही लगेच मिळते.