आईचं न धुतलेलं लुगडं

कोयनेचं धरण बांधून होत आलं होतं, त्या सुमाराला आईला पोटाच्या दुखण्यासाठी कराडच्या दवाखान्यात ठेवलं. वडील फौजेत. घरी मी, तान्हा भाऊ आणि आत्या. मी बारा वर्षांची. भावाला आता म्हशीच्याच दुधाचा आधार होता, आणि म्हैस आईशिवाय कुणाला धार काढू देत नव्हती. आत्यानं बसून पाहिलं. लाथेनं तिचं मनगट सुजलं.

"आईचं लुगडं गुंडाळ आन् तू बस," ती म्हणाली. "समदी असंच करत्यात."

माझं काम तेव्हाही नेटकं. बादली विसळली, आचळं धुवायला कोमट पाणी घेतलं, आंबोण भिजवलं, दांडीवरचं वाळलेलं हिरवं लुगडं गुंडाळलं. म्हशीनं आंबोणाला तोंड लावलं नाही. माझा पदर हुंगला, फुसकारली आणि शिंग फिरवलं. माझी पाठ कुडाला टेकली. शिंगाचं टोक पोटासमोर होतं, पण मला तिच्या डोळ्यांची जास्त भीती वाटली. ती मला तपासत होती, आणि मी खोटी ठरले होते.

आत रडून बाळाचा आवाज घोगरा झाला होता.

"आगं, ह्ये धुतल्यालं हाय," आत्या दारातून म्हणाली. "तिला काय रंग बघायचाय व्हय? आईनं जाताना सोडल्यालं गुंडाळ."

त्याला घाम, शेण, चुलीचा धूर, सगळ्याचा वास होता. ते गुंडाळून मी पुन्हा गोठ्यात शिरले. म्हशीनं बराच वेळ हुंगलं. मग तोंड आंबोणात घातलं आणि पान्हा सोडला.

बाळाचं पोट भरलं, पण माझी भीती वाढली. रोज म्हैस हुंगायला जास्त वेळ लावायची. लुगड्याला माझा वास लागत होता. गोठ्यात जाण्याआधी मीही ते नाकाला लावू लागले. आई त्यातून पुसट होत होती. ज्या दिवशी म्हैस नाही म्हणेल, त्या दिवशी आई गेलेली असेल, असं माझ्या मनानं घेतलं.

आई परतली ती औषधांच्या वासासकट. गोठ्यात गेली तर म्हशीनं तिच्यावरही शिंग उगारलं.

"मला बी वळखंना व्हय गं?" आई हसली.

मला हसू आलं नाही. मी पळत जाऊन ते लुगडं आणलं. आईनं ते खांद्यावरून घेतलं आणि पुढं झाली. म्हैस हुंगत राहिली, तोवर मी श्वास धरून उभी होते. परत आलेली आई आमचीच की नाही, हे आता म्हैसच सांगणार होती.